बुटक्या क्रेप मर्टलला दोन वर्षांत एक कळी नाही. उपटू का ठेवू?

जुळेसोलापूरकर | १४ जून

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी घर बांधून झालं तेव्हा फाटकापाशी फुलणारं, पण कमरेच्या वर न जाणारं काहीतरी लावायचं ठरलं. नर्सरीवाल्यानं तीन रोपं दिली. म्हणाला, "ड्वार्फ क्रेप मर्टल, सावनी पण म्हणतात, उन्हाला घाबरत नाही." तेव्हा पिशवीतच गुलाबी तुरे होते. बघून बायको खूश, मी खूश. ते तुरे गळले आणि त्यानंतर आजतागायत एक कळी नाही.

दोन झाडं फाटकाच्या दोन बाजूंना आहेत, तिसरं मागे पाण्याच्या टाकीआड. ऊन सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत. माती काळी. पाणी बोअरचं, कारण नळाला चार-पाच दिवसांआड येतं ते प्यायला ठेवू का झाडाला घालू? महिन्याला मूठभर युरिया. पानं एकदम हिरवीगार, झाड दाट. फूल शून्य.

आई म्हणते झाड नर आहे. बायको म्हणते उपटा आणि जास्वंद लावा. तुम्ही काय म्हणता?

उंटावरचा_शहाणा | १४ जून

नर झाड! मग नर्सरीत पिशवीत तुरे आले ते काय बाहेरगावी असताना?

गच्चीवरची | १४ जून

आईंना सांगा, या झाडात नर-मादी वेगळे नसतात, एकाच फुलात दोन्ही असतं. पपईसारखं नाही ते.

ऊन पुरेसं वाटतंय. सहा तास थेट ऊन मिळालं की हे झाड तक्रार करत नाही. पण युरिया बंद करा हो दादा. नुसतं नत्र घातलं की झाड पानं करत बसतं, त्याला फुलायची गरजच वाटत नाही. मी अक्कलकोट रोडला गच्चीवर चौदा इंची कुंड्यांत दोन लावलीत, एक पांढरं, एक गडद गुलाबी. वर्षातून दोनदा शेणखत आणि निंबोळी पेंड, बास. मागच्या वर्षी मेपासून सप्टेंबरपर्यंत तुरे होते.

तामणप्रेमी | १५ जून

पुण्याहून लिहितोय, पण आजोळ सोलापूर, म्हणून नाक खुपसतो.

हे आपल्या तामणाचं धाकटं भावंड. तामण, म्हणजे आपलं राज्यफूल, हे लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा आणि तुमचं ते लॅजरस्ट्रोमिया इंडिका. लिनियसनं १७५९ मध्ये हे नाव ठेवलं ते स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या माग्नुस फॉन लागरस्ट्रॉम या संचालकावरून. तो गृहस्थ त्याला पूर्वेकडची झाडं पाठवायचा. नावात इंडिका असलं तरी या झाडाचे लाड चीन-जपाननं जास्त केले. चीनमध्ये याला 'शंभर दिवस लाल' अशा अर्थाचं नाव आहे. जपानी नावाचा अर्थ तर 'माकड घसरतं' असा. जुन्या झाडाची साल सुटून खोड इतकं गुळगुळीत होतं की माकडालाही चढता येऊ नये.

आणि सोलापूरकरांनो, तुमच्या जिल्ह्याचं डाळिंब याच घराण्यातलं. मेंदीही त्यातलीच. डाळिंबाच्या फुलाची पाकळी आठवा, ती पण चुरगळलेलीच असते.

मागावरचा | १५ जून

आमच्या पूर्व भागात तीन पिढ्या मागावर गेल्या, त्यामुळे 'क्रेप' शब्द दिसला की राहवत नाही. क्रेप कापडात सुताला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पीळ देतात. एक धागा उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा, असे आलटून पालटून टाकले आणि कापड पाण्यात बुडवलं की सूत आखडतं आणि सगळीकडे बारीक चुण्या पडतात. चुणी इस्त्रीनं पाडलेली नसते, ती पिळात असते. या फुलाची पाकळी अगदी तशी दिसते. ज्यानं नाव ठेवलं त्याला कापड कळत होतं.

फुलाचं काय ते जाणकार सांगतील. चादरीचं विचारा मला.

नर्सरीतला | १५ जून

जुळेसोलापूरकर, झाडांची उंची किती झाली?

विचारायचं कारण असं, की आपल्याकडे 'ड्वार्फ' ही चिठ्ठी फार सैल हातानं लावतात. खरी बुटकी जात दोन-तीन फुटांत थांबते, फार तर चार. काड्या बारीक, पानं लहान, दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर कमी. साधी जात दहा-पंधरा फूट सहज जाते. कधी साधंच झाड पॅक्लोब्युट्राझॉल देऊन दाबलेलं असतं, तेच ते आंब्याला घालतात ते वाढरोधक. पिशवीत दीड फुटाचं, तुऱ्यानं भरलेलं, गोंडस दिसतं. औषधाचा जोर सरला की एका पावसाळ्यात डोक्यावरून जातं. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, गिऱ्हाईकाला फूल दिसलं की तो दुसरं काही विचारत नाही.

जुळेसोलापूरकर | १६ जून

फाटकाजवळची दोन्ही अडीच फूट, एकदम गोल गरगरीत, चेंडूसारखी. मागचं बघितलं नाही. तिकडे कोण जातंय!

युरिया आजपासून बंद.

डाळिंबवाला | १६ जून

गोल गरगरीत? कात्री कोण मारतंय त्याला आणि कधी?

जुळेसोलापूरकर | १६ जून

माळीमामा. दर पंधरा दिवसांनी येतात. कुंपणाच्या मेंदीला मोठ्या कात्रीनं कापतात तसंच यालाही वरून गोल फिरवतात. मीच सांगितलंय, आकार बिघडू देऊ नका म्हणून.

डाळिंबवाला | १६ जून

मिळालं की मग उत्तर. मालक, आता एक काम करा. टाकीमागच्या झाडाकडे जाऊन या. मामांची कात्री तिथपर्यंत पोहोचत नसणार. शेंड्यावर काय दिसतंय ते सांगा.

जुळेसोलापूरकर | १७ जून

काय बोलू! आज सकाळी टाकी आणि भिंतीच्या फटीतून आडवा होऊन गेलो. झाड माझ्या खांद्याला लागलंय. शेंड्यांवर मागच्या वर्षीची वाळलेली तपकिरी बोंडं आहेत, मिरीपेक्षा थोडी मोठी, फुटून सहा फाकी झालेली. आणि नव्या काड्यांच्या टोकाला हिरव्या मण्यांसारख्या कळ्यांचे झुपके. म्हणजे गेल्या वर्षी हे फुलून, बी धरून मोकळं झालं आणि घरात कुणाला पत्ता नाही!

उंटावरचा_शहाणा | १७ जून

ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं ते फुललं. आमच्या वर्गात पण असंच झालं होतं.

डाळिंबवाला | १७ जून

सांगोल्याकडे आमची डाळिंबाची बाग आहे आणि घरापुढे चार क्रेप मर्टल. माझी चूक तुमच्या उलटी होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे झाड त्या हंगामात निघालेल्या कोवळ्या काडीच्या टोकाला तुरा काढतं. फांदी फुटते, वीतभर-हातभर वाढते, मग शेंड्याला कळ्या धरते. पावसाळ्याच्या तोंडाला या सगळ्याला सहा-सात आठवडे लागतात. तुमचे मामा पंधरा दिवसांनी शेंडा उडवतात. झाड बिचारं परत बाजूनं फुटतं, म्हणून दाट दिसतं, आणि कळी धरायच्या आत परत कात्री. दोन वर्षं तुम्ही पैसे देऊन कळ्या कापून घेतल्या.

आता माझं. आम्हा डाळिंबवाल्यांच्या डोक्यात बहार पक्का बसलेला असतो. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, हलकी छाटणी करून पाणी सोडायचं. डाळिंबाची कळी बहुतेक करून पिकलेल्या काडीवर, आखूड फुटव्यांवर निघते, म्हणून तिथं आमची कात्री जपून चालते. एकाच घराण्यातलं झाड म्हणून मी यालाही एप्रिलमध्ये महिनाभर ताण दिला आणि छाटणी नुसती टोकांची केली. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ताण! एक झाड गेलं. उरलेल्यांना फुलं आली ती किडकिडीत काड्यांच्या टोकाला, दोन-दोन इंचांची. पुढच्या वर्षी वेळेवर छाटलं आणि पाणी चालू ठेवलं, तर तुरे वीतभर झाले. भाऊबंद असले म्हणून सवयी सारख्या असतातच असं नाही, आमच्या घरी बघा.

तर वेळापत्रक सोपं आहे. मोठी छाटणी वर्षातून एकदा, झाड झोपलेलं असताना. आपल्याकडे गड्ड्याची जत्रा उरकली की जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. बुटकं असेल तर गेल्या वर्षीची काडी निम्मी-अर्धी ठेवून बाकी काढा. वाळक्या, आत घुसलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या काड्या बुडापासून. सगळं झाड एकाच उंचीवर ठोकून काढू नका. दरवर्षी त्याच जागी ठोकलं की तिथं गाठी येतात आणि गाठीतून निघालेल्या लुकड्या काड्या तुऱ्याच्या वजनानं लोळतात. मग उन्हाळा-पावसाळ्यात फक्त एक काम: तुरा वाळला की बोंडं धरायच्या आत, खालच्या दोन-तीन पानांसकट सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या छोट्या कात्रीनं, काढायचा. खालून नवीन फूट आणि परत तुरा. मोठी कात्री याच्याजवळ आणूच नका.

गच्चीवरची | १७ जून

वाळला तुरा काढायचं अगदी खरं. गेल्या वर्षी एका कुंडीतले काढले, दुसरीतले आळसानं राहिले. पहिलीला तीनदा बहर आला, दुसरी बी धरून बसली.

कडक_भाकरी | १९ जून

या धाग्यावर आत्ताच आले. काळ्या मातीबद्दल कुणीच बोललं नाही. आमचं विजापूर रोडचं एक झाड आषाढात गेलं. आळं खोल केलं होतं, पाणी साचून मुळं कुजली. दुसरं लावताना दीड फुटाचा खड्डा घेतला, निघालेल्या मातीत लाल मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून परत भरलं आणि झाड जमिनीपासून चार बोटं उंचवट्यावर लावलं. ते टिकलं. फक्त पांढरा चुनखडीचा मुरूम घालू नका. स्वस्तात मिळतो आणि नंतर रडवतो.

जुळेसोलापूरकर | १९ जून

सगळ्यांचे आभार. मामांना सांगितलं. ते जरा रुसले. "साहेब, तुम्हीच म्हणला होता गोल करा." बरोबरच आहे त्यांचं.

जुळेसोलापूरकर | ९ ऑगस्ट

फुललं!!! फाटकाच्या डावीकडचं आधी, चार दिवसांनी उजवीकडचं. गुलाबी, टोकाटोकाला तुरे. आईनं पहिला तुरा सिद्धेश्वराला नेला.

एक शंका. पानांवर पांढरी पावडर सांडल्यासारखं दिसतंय, कोवळी पानं वळलीत. शिवाय मुंगळ्यांची रांग लागलीय.

डाळिंबवाला | ९ ऑगस्ट

पावडर म्हणजे भुरी. ढगाळ हवा, दमट रात्र आणि दाट झाड असलं की येतेच. तुम्ही दोन वर्षं चेंडू केलाय, आत वारा जात नाही. आतल्या बारीक काड्या विरळ करा, निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्केवालं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. आपल्या उन्हात दुपारी मारलं तर पानं भाजतात, आणि मार्चनंतरच्या उन्हाळ्यात तर गंधकाचं नावच काढू नका.

मुंगळे म्हणजे पानामागे मावा असणार. त्याच्या चिकट गोड पाण्यासाठी ते येतात. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी धरते. पाण्याचा जोरात फवारा पानांच्या खालून मारा, दोन-तीन दिवस सलग. नाही गेला तर निंबोळी तेल संध्याकाळी.

गच्चीवरची | ९ ऑगस्ट

मुळाशी ओतायची ती जालीम कीटकनाशकं फुलाच्या दिवसांत नकोत. मधमाश्या असतात. सकाळी सातला तुऱ्याजवळ उभे राहा, दिसतील. या फुलात मध नसतो, त्या परागासाठीच येतात. फूल जवळून बघा: मध्ये आखूड पिवळ्या केसरांचा झुपका आणि बाहेर सहा लांब, वाकलेले केसर. माशी पिवळ्यांवर तुटून पडते तेव्हा लांबवाले गुपचूप तिच्या अंगाला पराग पुसतात. खाऊ एकीकडे, काम दुसरीकडे. मी चहा घेऊन तासभर बघत बसते. घरचे वेड्यात काढतात.

मागावरचा | १० ऑगस्ट

फोटो टाका की राव. पाकळीचा जवळून.

जुळेसोलापूरकर | २२ डिसेंबर

परत मीच. पानं आधी पिवळी-केशरी झाली, छान दिसत होती, आता सगळी गळतायत. डाव्या झाडावर मोजून अकरा पानं. पाणी रोज घालतोय तरी. गेलं का झाड?

तामणप्रेमी | २२ डिसेंबर

नाही हो. पानझडी झाड आहे, थंडीत पानं टाकणारच. नखानं काडीची साल जरा खरवडून बघा. खाली हिरवं ओलसर दिसलं की जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर त्या काडीपुरती मेली. गेल्या वर्षी कात्रीनं सारखी कोवळी फूट येत होती, म्हणून पानगळ तुमच्या नजरेत आली नसेल.

डाळिंबवाला | २३ डिसेंबर

आणि रोजचं पाणी बंद करा. झोपलेल्या माणसाला कुणी जेवायला वाढतं का? काळी माती आहे, आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. युरिया-बिरिया काही नको. गड्डा झाला की छाटा.

जुळेसोलापूरकर | ४ फेब्रुवारी

छाटलं. मी आणि मामा दोघं मिळून. कापायला मामांचा हात धजेना, मलाच पहिली काडी कापावी लागली. आता तिथं अक्षरशः तीन खुंट उभे आहेत. शेजारी विचारून गेले, "झाड वाळलं वाटतं?"

कडक_भाकरी | ४ फेब्रुवारी

छाटलेल्या काड्या टाकल्या नाहीत ना? पेन्सिलएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या दोन-तीन डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, मातीत जातील अशा वाळू-शेणखताच्या पिशवीत लावा, सावलीत ठेवा. उलट्या तेवढ्या लावू नका. बियांपासून करण्यापेक्षा हे बरं. बियांचं झाड आईसारखं बुटकं निघेलच असं नसतं.

जुळेसोलापूरकर | २१ मार्च

फूट जोरात आली, पण फाटकाच्या उजव्या झाडाची नवी पानं पिवळट, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं ठीक आहेत. डावं झाड चांगलं आहे. दोघांना खत-पाणी सारखंच.

कडक_भाकरी | २१ मार्च

उजवीकडे बांधकामाचा राडारोडा पुरलाय का?

जुळेसोलापूरकर | २१ मार्च

ओ ताई, तुम्ही बघून गेला होता काय? प्लास्टरचा उरलेला सगळा माल तिथंच गाडला होता.

कडक_भाकरी | २२ मार्च

बघायला कशाला पाहिजे. सोलापुरात निम्म्या अंगणांचं तेच आहे. आपली काळी माती मुळात चुनखडीची, त्यात सिमेंट-चुना आणि वर बोअरचं जड पाणी. या झाडाला किंचित आम्ल माती आवडते. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.

हाताला लागेल तेवढा राडा काढा. लगेच रंग यायला फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून, उन्हं उतरल्यावर पानांवर फवारा, आठवड्यानं परत एकदा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. मातीत घालायचं तर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधून दिलेलं, पण पुड्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून. ईडीटीए स्वस्त असतं, ते आपल्या मातीत टिकत नाही. आणि दरवर्षी शेणखत-पालापाचोळ्याचं आच्छादन, त्याला पर्याय नाही.

गच्चीवरची | २२ मार्च

पाण्याचं माझं सांगते. एसीचं टपकणारं पाणी बादलीत धरते, ते क्षार नसलेलं असतं, ते कुंड्यांना. पाणी शुद्ध करायच्या मशिनीतून बाहेर पडणारं मात्र घालू नका, त्यात उलट सगळे क्षार गोळा झालेले असतात. मी एक उन्हाळा ते घातलं, पानांच्या कडा करपल्या, आणि मी उन्हाला शिव्या देत बसले.

जुळेसोलापूरकर | १८ मे

आज पारा त्रेचाळीसवर. फाटकाच्या दोन्ही बाजूंना तुरे. उजव्याची पानं हिरवी झालीत, अजून डाव्याइतकी नाहीत. गेल्या वर्षीपेक्षा रंग जरा फिका वाटतो, भर उन्हामुळे असेल.

मागच्याची गोष्ट वेगळीच. ते सात फुटांवर गेलंय. नर्सरीतल्या दादांचं खरं निघालं, तीनपैकी एक ड्वार्फ नव्हतंच.

नर्सरीतला | १८ मे

त्याला आता बुटकं करायच्या भानगडीत पडू नका. बुडाशी तीन-चार जाड खोडं ठेवा, बाकी काढून टाका, वर मोकळं वाढू द्या. चार-पाच वर्षांत खोड गुळगुळीत होईल, त्या जपानी माकडासारखं.

जुळेसोलापूरकर | १९ मे

ठेवतोय. टाकीचं झाकण उघडताना दरवेळी एक फांदी हातानं बाजूला धरावी लागते, आणि ती कापायची नाही असं आता बायकोनंच सांगितलंय.

फेब्रुवारीत लावलेल्या एकवीस काड्यांपैकी चौदा फुटल्या. सहा मामांनी नेल्या, त्यांच्या दुसऱ्या बंगल्यावर लावायला. आठ आहेत. कुणाला हव्या?

मागावरचा | १९ मे

दोन माझ्या. बदल्यात चादर.

उंटावरचा_शहाणा | १९ मे

एक मला. बदल्यात सल्ला.

जुळेसोलापूरकर | २० मे

मागावरचे, दोन बाजूला ठेवल्या. पाऊस सुरू झाला की या, आत्ता लावल्या तर करपतील. शहाणे, तुमचा सल्ला पोचला, रोप शिल्लक राहिलं तर बघू.